दोन हिसके

बॅटरी बंद कर, देवानंद. सेल कशाला जाळतोस? लाईट काही बारापर्यंत येत न्हाई. बसा इथंच बाजंवर, वारं तरी लागून राह्यलंय.

मघाशी तू विचारलंस, तळ्याची जुनी मोरी असताना बाजूनं दुसरा नळ का टाकला म्हणून. सांगतो. पण मधी बोलायचं न्हाई. मी कुठं ऐकलेली गोष्ट न्हाई ही. मच्छिंद्रवर गुदरलेली हाय, आन तवा मी त्याच्यापासून पन्नास-साठ हातांवर बसल्तो.

सन सत्त्याऐंशी. मे महिन्याची पाच तारीख, मंगळवार. तारीख बराबर ध्यानात हाय, कारण त्याच सकाळी परतूरला माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. तिथून जेवूनखाऊन मी उन्हाचा परत आल्तो. तिसरं साल कोरडं गेल्तं. विहिरींत कबुतरं राहायला आल्ती. आपल्या तळ्यात मात्र बुरुजाजवळ छातीभर पाणी शिल्लक होतं.

तुम्ही तळं पाहिलंय, पण जुनी मोरी आतून कुणी पाहिली न्हाई, म्हणून सांगतो. पाण्याच्या बाजूला तो गोल बुरूज हाय ना, त्याच्यावर लोखंडी चाक. चाक फिरवलं की बुरुजाच्या तळाची झडप उघडायची आन पाणी पाळीच्या, म्हणजे ह्या मातीच्या बांधाच्या, पोटाखालून, सिमेंटच्या नळातून, पलीकडं ओढ्यात पडायचं. तो नळ म्हणजे मोरी. ऐंशी हात लांब आन दीड फूट रुंद. माणूस कोपरावर सरपटत आत जाऊ शकतो, पण वळू शकत न्हाई. जसा गेला तसाच उलटा, पाय मागं सारत बाहेर यायचं.

रामरावमामा तळ्याचे चौकीदार. म्हातारा माणूस, पण कामाला पक्का. चाकाला साखळी आन कुलूप, आन चावी मामांच्या करदोट्याला.

ओढ्यानं दीड कोस खाली मेंढरंवाल्यांची वस्ती. मच्छिंद्र तिथला. माझ्याच वयाचा, पण अंगानं सडपातळ, पाण्यातल्या वाम माशासारखा. वस्तीला आधार एका डोहाचा. त्यात त्या दिवसात गुडघाभर हिरवं पाणी उरलं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडून पडलेले असायचे. मेंढरं पाण्याला तोंड लावायची आन मागं सरायची. आठ दिवसांत त्याच्या एकट्याची अकरा कोकरं गेली.

मंग लोकांनी तहसीलला खेटे घालून परवानगी आणली. एक रात तळ्याचं पाणी ओढ्याला सोडायचं. रातच्यालाच, कारण दिवसा निम्मं पाणी ऊनच पिऊन टाकतं. ती रात ही. मच्छिंद्र कागद घेऊन वर आला, मला घरातून उठवलं, म्हणला, “चल, चाक फिरवायला दोन माणसं लागतील.” एवढंच काम. तासाभराचं.

नऊ वाजता आम्ही तिघांनी चाक फिरवलं. गंजलेलं होतं, पण फिरलं. झडप उघडल्याचा आवाज आला. आम्ही पाळ उतरून पलीकडं मोरीच्या तोंडाशी गेलो.

पाणी आलं न्हाई.

पाव तास झाला. मच्छिंद्रनं मोरीत डोकं घालून कान दिला. आतून नुसता गुडगुड आवाज, भुकेल्या पोटासारखा.

“गाळ बसलाय,” तो म्हणला. “मधीच कुठंतरी बूच झालंय.”

मामा म्हणले, “सकाळी पाहू.”

“सकाळी काय पाहता मामा? कागद आजच्या रातीचा हाय. आन तिकडं सगळी वस्ती मेंढरं घेऊन डोहावर बसलीय. गोपिका बसलीय.” गोपिकाबाई म्हणजे त्याची बायको.

मामांनी जाऊन झडप परत बंद केली, साखळी घातली, कुलूप लावलं. मी सोबत होतो. मी स्वतः कुलूप ओढून पाहिलं. हे नीट ध्यानात ठेवा.

मामा बुरुजावरच थांबले. मी खाली आलो तवर मच्छिंद्रनं धोतर काढून लंगोट कसला होता. मी म्हणलं, “मी जातो.” तो हसला. “तुझं पोट अडकंल. बहिणीचं जेवण हाय आत.”

विहिरीचा लांब दोर होता. त्याचं एक टोक त्याच्या उजव्या पायाच्या घोट्याला बांधलं, दुसरं माझ्या हातात. ठरवून घेतलं. दोन हिसके म्हणजे ठीक हाय. तीन हिसके म्हणजे ओढ. त्यानं बॅटरी दातात धरली, एका हातात खुरपं घेतलं, आन आत शिरला. शेवटी त्याचे तळपाय तेवढे दिसले. मंग तेबी न्हाई.

दहाला पाच कमी होती. मामांच्या पोराचं घड्याळ होतं माझ्याकडं.

दोर हळूहळू माझ्या हातातून सरकत गेला. दहा हात. वीस. तीस. मधी मधी थांबायचा, तवा दोन हिसके यायचे. मी उलटे दोन द्यायचो. पन्नासावर सरकायचा थांबला. आतून खुरप्याचा आवाज येऊन राह्यला, खर्र, खर्र, लांबून. मी निवांत झालो. अर्धा चांद पश्चिमेला होता, ओढ्याची वाळू पांढरी दिसत होती. बिडी पेटवली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला.

“पाणी आलं का?”

मच्छिंद्रचाच आवाज. जरा भरल्यासारखा, पण नळातून येतो तसाच यायचा. मी मोरीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. वाळू कोरडी ठण्ण. म्हणलं, “न्हाई अजून. खणत राह्य.”

दोन हिसके आले.

परत दहा-पंधरा मिनिटांनी, “पाणी आलं का?”

“न्हाई रे. खणत राह्य तू.”

दोन हिसके.

साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. खुरप्याचा आवाज बंद झालता. मला वाटलं, दम खाऊन राह्यला असंल. मी आपला दोर हलवून विचारायचो आन लगेच उत्तर यायचं. एक, दोन. ठीक हाय. एक, दोन. ठीक हाय. इतकं बराबर, इतकं झटपट उत्तर येत होतं, की मला कसली काळजीच वाटली न्हाई.

आता आत काय झालं ते ऐका. हे त्यानं मला नंतर सांगितलं, आन एकदाच सांगितलं.

पन्नास हातांवर एक सांधा होता. पुढचा नळ जरा खाली खचलेला. त्याच्या पुढं हातभरावर गाळाचं बूच. मच्छिंद्रनं डोकं आन एक खांदा त्या सांध्यातून पलीकडं घातला, आन खणायला लागला. गाळ ओला होता. नुसता ओला न्हाई, जित्ता होता. खुरपं घातलं की खेकडे निघायचे. बोटाएवढ्या वामी वळवळायच्या. तळं आटून राह्यलं तसा सगळा जीव सरकत सरकत तिथं ओलीला येऊन दडला होता. एक मोठी मरळ मासळी तर गाळात रुतून बसल्ती, नुसतं तोंड बाहेर. बॅटरीच्या उजेडात ती तोंड उघडायची, मिटायची.

मागून आवाज आला, “पाणी आलं का?”

त्याला वाटलं, मीच विचारलं बाहेरून. तो म्हणला, “न्हाई. गाळ लई हाय.”

खणता खणता तो जरा पुढं सरकला आन त्याचा दुसरा खांदा सांध्यात अडकला. उजवा हात छातीखाली दाबला गेला. खुरपं सुटलं. बॅटरी दातातून पडून पुढं घरंगळली, आन तिचा उजेड त्या मरळीच्या तोंडावर जाऊन थांबला. पुढं सरकावं तर गाळ. मागं यावं तर खांदा निघंना. श्वास घेतला की पाठ वरच्या सिमेंटला लागायची. म्हणून तो अर्धाच श्वास घ्यायला लागला. अर्धा... अर्धा... तो मला म्हणला, “रायभान, मी आन ती मरळ. दोघं एकमेकांकडं पाहून तोंड उघडून राह्यलो होतो.”

मंग त्यानं उजवा पाय झाडला. एक, दोन, तीन.

ओढ.

दोर ओढला गेला न्हाई. उलट दोन हिसके आले.

त्यानं परत झाडला. एक, दोन, तीन.

दोन हिसके.

देवानंदा, मला बाहेर तीन हिसके एकदाबी लागले न्हाईत. देवाची आण घेऊन सांगतो. मला दोनच लागत होते.

तो ओरडला. “रायभान! ओढ!” नळात ओरडलेला माणूस आठ कोसांवर ऐकू जावा. मला काही ऐकू आलं न्हाई. मी बिडी ओढत बसल्तो.

तिसऱ्यांदा त्यानं पाय झाडला, तवा त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मी पन्नास हात लांब. लांबून ओढलेला दोर आधी हळूहळू ताणतो, मंग हिसका लागतो. हा हिसका तसा न्हवता. हा जवळून होता. हातभर अंतरावरून. कुणीतरी त्याच्या पायामागंच बसून दोर धरल्यासारखा.

तो पाय हलवायचा थांबला.

मागं... काही न्हाई. नुसतं पाणी ठिबकल्यासारखं.

मंग त्याच्या तळपायाला हात लागला.

गार. ओला. पंजा पूर्ण टेकवलेला, बोटं पसरून. असा, हळूच. दार ढकलायच्या आधी आपण हात ठेवतो तसा.

त्याला वळून पाहता येईना. मान तेवढी वळत न्हवती. पाय ओढून घ्यावा तर जागा न्हाई. त्यानं डोळे मिटले. उघडले. मरळ तोंड उघडून राह्यली होती.

“पाणी आलं का?”

आता आवाज मोरीच्या तोंडाकडून आला न्हाई. त्याच्या गुडघ्यांमागून आला.

आन आवाज माझा होता.

त्याला रडू आलं. तो म्हणला, “न्हाई.” एवढंच तोंडातून निघालं. “न्हाई आलं.”

मंग ते त्याच्या पोटऱ्यांवर चढलं.

ऐका. दीड फुटाचा नळ. माणूस आत पालथा पडलेला, त्याची पाठ वर टेकलेली. वरून मांजर जायला जागा न्हाई. ते गेलं. आधी मांड्यांवर दोन गुडघे. मंग कमरेवर तळवे. मंग पूर्ण भार, माणसाएवढा. ओला कपडा पाठीवरून सरकत गेला. मच्छिंद्रची छाती खाली सिमेंटला दाबली गेली. श्वास संपला. अर्धाबी न्हाई. ते मानेवर आलं. डोक्यावर आलं. शेवाळाचा वास. तोंडावरून काहीतरी ओलं ओढत गेलं... आन पुढं गेलं.

बॅटरीचा उजेड गेला. मधी कुणीतरी आलं म्हणून गेला.

मंग खणायचा आवाज. खुरप्याचा न्हाई. नखांचा.

आन त्याच वेळी त्याला बरगडीजवळून काहीतरी सरकताना लागलं. खरखरीत. दोर होता. त्याच्या घोट्याचा दोर सुटला होता, आन तो त्याच्या अंगाशेजारून पुढं चालला होता. पुढच्याच्या पायामागं.

त्यानं मला सांगितलं, त्या वेळी त्याला गोपिकाबाई आठवली न्हाई, देव आठवला न्हाई. एकच वाटलं. की आता आपल्याला मागचा रस्ता मोकळा हाय, आन आपण निघू शकत न्हाई.

अकराला दहा कमी असतील.

मी बाहेर बसलो होतो तर मोरीतून वारं आलं. गार वारं, मे महिन्यात. मंग मोठा आवाज, बैलगाडी पुलावरून जावी तसा. मी उठून उभा राह्यलो आन पाण्याचा लोंढा आला. गढूळ, काळा. त्यात खेकडे, वामी, गाळाची ढेकळं, आन त्यात पाय पुढं करून मच्छिंद्र. माझ्या अंगावरच आला. आम्ही दोघं वाळूत पडलो.

मी त्याला ओढून काठावर घेतला. खांद्याची सालटी गेल्ती, उजवा हात लोंबत होता. पण जित्ता होता. खोकला, ओकला, श्वास घेतला. मोठा, पूर्ण श्वास घेतला आन तसाच घेत राह्यला.

मी म्हणलं, “अरे, तीन हिसके द्यायचे ना! आन सारखं काय विचारत होतास, पाणी आलं का, पाणी आलं का?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“मी न्हाई,” तो म्हणला. “तू विचारत होतास.”

“मी?”

“मागून. तुझाच आवाज.”

माझ्या डाव्या हाताला दोर गुंडाळलेला होता अजून. मी त्याच्या घोट्याकडं पाहिलं. घोटा मोकळा. फक्त वळ. मच्छिंद्र माझ्या पुढ्यात, वाळूवर. आन दोर माझ्या हातातून मोरीत गेलेला. ताठ.

दोन हिसके आले.

एक. दोन.

ठीक हाय.

मी हात झटकला. दोर सुटला आन वाळूवरून मोरीकडं सरकायला लागला. पाणी बाहेर येऊन राह्यलं होतं, जोरानं, आन दोर पाण्याच्या उलट आत चालला होता. घाई न्हाई. हातभर... थांबला. हातभर... थांबला. आम्ही दोघं पाहत बसलो. टोकाची गाठ मोरीच्या काठावरून गेली, पाण्यात बुडाली. मंग दिसली न्हाई.

पाळीवरून रामरावमामा कंदील घेऊन पळत आले. मी म्हणलं, “मामा, झडप का उघडली? माणूस होता आत!”

मामांनी करदोट्याला हात लावला. चावी तिथंच. “चाकाला हात न्हाई लावला बाबा मी,” ते म्हणले. “आवाज ऐकून आलो.” आम्ही वर जाऊन पाहिलं. साखळी, कुलूप, सगळं बराबर. चाक जसंच्या तसं.

पहिला लोंढा ओसरला आन मंग मनगटाएवढी धार लागली. ती थांबंना.

मच्छिंद्रला मी बैलगाडीत घालून परतूरच्या दवाखान्यात नेलं. खांदा बसवला, हात महिनाभर गळ्यात. नंतर त्यानं मेंढरं भावाला दिली आन जालन्याला गेला, धान्याच्या मोंढ्यात हमाली करायला. अजून हाय. जाऊन भेटा पाहिजे तर, पण हे विचारू नका. तो खोलीत झोपत न्हाई. थंडी असो, पाऊस असो, बाज दाराबाहेर. एसटीत बसला तर दाराजवळच्या सीटवर, न्हाई तर उभा. मी एकदा त्याला म्हणलं, “माझं चुकलं. मी खणत राह्य म्हणलो.” तो म्हणला, “ते तू मला न्हाई म्हणलास.”

लोकांनी लई तर्क केले. बाहात्तरच्या दुष्काळात हे तळं बांधलं, त्या कामावर कुणी मेलं असंल, पाळीत गाडलं असंल. मी दोन वर्षं हिंडलो. त्या कामावरचे मुकादम आष्टीला राहायचे, त्यांना भेटलो. नळ टाकणारा मिस्त्री कुंभार पिंपळगावला होता, त्यालाबी भेटलो. कुणी मेलं न्हवतं. बिलकुल कुणी न्हाई. एकाचं बोट चेंगरलं होतं, तो माणूस माझ्यासमोर बसून चहा पिला. तवा मला कारण विचारू नका. मला ठाव न्हाई.

फक्त एक पाहिलेलं सांगतो आन उठतो, मंग दुसरा नळ का टाकला ते तुमचं तुम्हालाच कळंल.

पाणी पहाटेपर्यंत वस्तीच्या डोहात पोचलं. मेंढरं पिली, माणसं पिली. आठ दिवसांत ओढ्याला हिरवळ आली. बोटभर मासे धारेत उलटे पोहायला लागले, बगळे आले. सगळा मुलूख जळून राह्यला होता आन ती एक रेघ जित्ती होती. आम्हाला आनंदच झाला. पाणी हाय तवर कुठून येतं हे कोण विचारतो.

पण तिकडं तळं आटत होतं. वीस मेच्या पुढं बुरुजाजवळचं पाणीबी संपलं. तळाला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या. मी आन मामा चालत बुरुजापाशी गेलो, आतल्या लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरलो. झडप बंद. तिच्यासमोर सुकलेला गाळ, त्यावर कोळ्याचं जाळं. थेंब न्हाई.

आम्ही पाळ चढून पलीकडं उतरलो. मोरीतून धार चालूच होती. मनगटाएवढी. निवळशंख.

तिथं गोपिकाबाई घागर घेऊन आल्ती. सूर्य अजून उगवायचा होता. अशा वेळेला जमिनीतलं पाणी दातांना लागावं इतकं गार असतं. तिनं घागर धारेखाली धरली न्हाई. नुसती उभी होती, हात धारेत घालून. मंग हात काढला, पदराला पुसला, आन परत घातला.

“भावजी,” ती म्हणली, “जरा इकडं या. हात लावून पाहा.”

मी हात लावला.

पाणी ऊन होतं. तापवल्यासारखं न्हाई. माणसाच्या अंगाएवढं.